भिंतीकडं तोंड

नांदेडला पंचशीला सरवदेबाईंकडं कान तपासायचं काम शिकायला कॉलेजची पोरंपोरी येतात. त्यांना पहिल्याच दिवशी एक चमत्कारिक प्रकार बघायला मिळतो. तपासणीच्या खोलीत एक खुर्ची असते. पेशंटनं तिच्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे बटण दाबणारा हात त्याला दिसत नाही. हे पुस्तकातच लिहिलेलं असतं आणि पोरांना तोंडपाठ असतं. पण बाई पेशंटच्या आधी स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसतात. तोंड भिंतीकडं, पाठ पेशंटकडं. चांगल्या मिनिटभर बसतात. मग उठून म्हणतात, "आता तुमी बसा, बाबा. मी बसले हुते तसंच."

पोरं एकमेकांना कोपर मारतात. एकदा एका धीट पोरीनं विचारलं, "बाई, हे कशासाठी?"

"भ्या वाटतं म्हणून."

"साठीला आलात, आता कशाचं भ्या?"

"तुला वाटत न्हाई का?"

"नाही बा."

"मग आज मशीनला हात लावू नकोस. भाईर बस आणि लोकांची नावं लिहून घे."

पोरगी तोंड पाडून बाहेर गेली. बाईंनी काही समजावून सांगितलं नाही. समजावून सांगायचा त्यांचा स्वभावच नाही. म्हणून इथं सांगतो.

पंचशीला जन्माची भित्री. गाव औशाच्या पुढं, चिंचोली. बाप शेषेराव औशाला शाळेत शिपाई, आई कोंडाबाई रोजानं जाणारी. पोरगी कशालाही भ्यायची, पण सगळ्यात जास्त विहिरीला. पाणी शेंदताना डोळे मिटून घ्यायची, म्हणून निम्मी घागर काठावरच सांडायची. कोंडाबाई म्हणायची, "हिला सासरी धाडली तर ती माणसं तहानेनं मरतेल."

पण अभ्यासाला पोरगी घट्ट. शाळेतल्या गुरुजींनी कुठून तरी एक अर्ज आणला, बहिऱ्या-मुक्यांच्या उपचाराचा कोर्स, मुंबईला. तो भरला आणि नंबर लागला. गावात हसण्यावारी गेलं. पारावर कुणीतरी म्हणालंच, "मुक्याला बोलतं करायला ममईला जायाचं? हितं बोलणारांनीच वीट आणलाय. त्यांला गप करायचा कोर्स असंल तर आमीबी अर्ज करताव."

शेवटच्या वर्षी कॉलेजनं चार पोरी आणि एक मॅडम असं टोळकं सहा आठवड्यांच्या शिबिराला लातूरला धाडलं. हे शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातलं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण दवाखान्यातले छापील कागद अजून जुनेच होते. 'जिल्हा उस्मानाबाद' पेनानं खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं, हे पोरींचं सकाळचं पहिलं काम. दुसरं काम टँकरच्या रांगेत घागर लावायची.

मॅडमचं नाव जगदेवी. उदगीरच्या एका शेटजीची लेक. अंगानं बारीक, आवाजानं जाड. कान तपासायला शांत खोली लागते आणि दवाखान्यात शांतता कुठली? म्हणून मॅडमनी गावातून आठ वाकळा आणून चारी भिंतींना टांगल्या, दाराला दोन. आत शिरलं की वाकळांचा वास आणि घाम. टेबलावर कानाचं मशीन, त्याला काटा, चकत्या आणि एक बटण. बटण दाबलं की पेशंटच्या कानात बारीक शिट्टी वाजते. ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. आवाज कमी कमी करत जायचं आणि जिथं बोट वर यायचं थांबतं तिथं कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा जोडल्या की रेघ होते.

मॅडम पोरींच्या मागं स्टुलावर बसून लाल पेनानं लिहायच्या. काय लिहितात ते दिसायचं नाही, पेनाचा आवाज तेवढा यायचा. तो आवाज आला की पंचशीलाच्या मानेवर काटा यायचा. एवढे तास काम केलं अशी सही मॅडमनी वहीत केली तरच परीक्षेला बसता यायचं.

"एक ध्यानात ठेवा, पोरींनो," मॅडम म्हणायच्या. "बोट वर आलं म्हणजे कान ऐकतोय असं न्हाई. माणूस डोळ्यानं ऐकतो, अंदाजानं ऐकतो, लाजंपायी ऐकतो. म्हणून तोंड भिंतीकडं. कुणी का असंना. कलेक्टर आला तरी भिंतीकडं."

त्या साली पाणी नव्हतं म्हणून जिकडं तिकडं विहिरी खोल करायचं काम निघालं होतं. खडक लागला की सुरुंग. आदल्या महिन्यात एका विहिरीवर कानानं जड असलेला एक गडी वरची आरोळी ऐकू न आल्यानं गेला. तेव्हापासून वरून हुकूम आला की कानाचा कागद असल्याबिगर कुणा सुरुंगवाल्याच्या हातात वात द्यायची नाही. झालं. वऱ्हांड्यात सुरुंगवाल्यांची रांग लागली.

त्या दिवशी सहा जण होते. पाच जणांची तपासणी झाली आणि पाचांच्याही रेघा बारीक आवाजाच्या बाजूला खाली खड्ड्यात गेल्या होत्या. सुरुंगवाल्याचा कान असाच जातो, शेवटाकडनं. तरी पाचांना जाड आवाज, माणसाची हाक नीट ऐकू येत होती. त्यांना कागद मिळाला. तेवढ्यात मॅडमना वर साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. "सहावा तू घे, मी आलेच," म्हणून त्या गेल्या आणि पंचशीला एकटी राहिली.

सहावा लिंबाजी. पंचावन्नचा असेल, धिप्पाड, पायात काही नाही. आत आल्या आल्या त्याचं बोलणं सुरू झालं ते थांबेना.

"तू कोंडाची पोरगी न्हवं? पिंपळदऱ्याच्या कोंडाची? नाकावरनंच वळखलं. मी तुजा मामा लागतो, चुलत चुलत का असंना. तुज्या आईच्या लग्नात मीच पंगतीला पाणी वाढलं. तवा पाणी हुतं गावाला! आता वाढायचं म्हणलं तर टँकरवाल्याला मूळ धाडावं लागंल."

पंचशीलाला जरा बरं वाटलं. घरचं माणूस. तिनं हेडफोन उचलला आणि हातानं दाखवत म्हणाली, "मामा, भिंतीकडं तोंड करून बसा."

लिंबाजीचं बोलणं तुटलं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"भिंतीकडं?"

"व्हय. तसा नियमच हाय."

"पोरी, तुजा आजा आन् मपला बाप चावडीपुढं पाठ करून बसायचे. पाटील त्यांच्या पाठीशी बोलायचा. तोंड दिसाया नगं म्हणून. मी बारका हुतो, ह्या डोळ्यानं बघितलंय. छपन्न साली आपुन ते सोडलं. आता आपलीच पोरगी शिकून आली आन् मला म्हणती, भिंतीकडं तोंड कर?"

तो रागानं बोलला नाही. हळूच बोलला, तेच वाईट झालं. पंचशीलाला आजा आठवला. म्हातारा मरेपर्यंत घरातसुद्धा दाराकडं पाठ करून जेवायचा, का ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमला बोलवावं असं एकदा मनात आलं. पण उदगीरच्या शेटजीच्या लेकीनं येऊन मामाला पाठ कर म्हणावं, हे तर आणखीच वंगाळ. तिनं खुर्ची धरली आणि सरळ आपल्याकडं फिरवली.

"बसा मामा. असंच बसा."

तपासणी झाली. बटण दाबलं की बोट वर. दाबलं की वर. एकही चुकलं नाही. लाल गोल, निळ्या फुल्या, सगळ्या वरच्या ओळीत.

मॅडम परत आल्या, कागद उचलला, डोळ्याजवळ नेला. "किती वर्सं सुरुंगात?"

"वीस, म्हणाले."

"बाकीच्या पाचांना खड्डा आणि ह्याची रेघ औशाच्या सडकेवाणी सरळ? कान हायेत का लेकराचे?" मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कसा बसवला होतास?"

पंचशीलानं तोंड उघडलं आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "भिंतीकडं."

मॅडमनी सही केली. लिंबाजी कागद घडी करून टोपीत घालून गेला.

खुर्चीखाली त्याची तंबाखूची चंची पडली होती. ती उचलून पंचशीला त्याच्या मागं पळाली. फाटकापाशी तो पाठमोरा उभा होता, जीपची वाट बघत.

"मामा! चंची राहिली!"

तो हलला नाही.

"ओ लिंबाजीमामा!"

रस्त्यावरची दोन माणसं वळली. तो वळला नाही. त्याच्या मागून पाण्याचा टँकर उलटा येत होता आणि हॉर्नवर हॉर्न देत होता. लिंबाजी तसाच. टँकर सात-आठ हातांवर आला तेव्हा त्यानं खाली आपल्या पायांकडं बघितलं आणि सावकाश बाजूला सरला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हर आई-माईवरून शिव्या देत होता, त्याही त्याच्या पाठीवरून घसरून गेल्या.

पंचशीला त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. चंची पुढं केली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाली, "चंची राहिली, मामा."

"बरं झालं आणलीस," लिंबाजी म्हणाला. "हिच्याबिगर दिस जात न्हाई."

मग तिच्या तोंडाचा रंग बघून त्याला कळलं. हसू गेलं.

"कदीपासनं?" तिनं विचारलं.

"तीन वर्सं. एक बार लई जवळ फुटला. तवापासनं आत नुसतं भुंगं हायेत. लोकं बोलाया लागायच्या आधी आपुनच बोलत सुटायचं, मंजी कुणी काय इचारत न्हाई."

"आन् बार कसे मोजता?"

हा सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि पंचशीलाला तो माहीत होता, कारण तिच्या आजोळचा अर्धा गाव सुरुंगावर जायचा. खडकात सात भोकं पाडून दारू भरली तर सात बार झाले पाहिजेत. सहा झाले तर एक भोक जिवंत. मग कुणी खाली उतरायचं नाही. हे मोजायचं काम एकट्या लिंबाजीचं. मोजायचं, सगळे झाले म्हणून सांगायचं, आणि पहार घेऊन पहिला आपणच उतरायचं. मागून बाया उतरतात टोपल्या घेऊन.

"तळपायानं," लिंबाजी म्हणाला. "खडक सांगतो. बार झाला की पायात ठोका बसतो. तीन वर्सं झाली, एक चुकला न्हाई."

"मामा, कागद माघारी द्या."

"कागदावर तुज्या म्याडमची सही हाय. जा, सांग तिला, मामाला समोर बसवलं म्हणून." तो धमकी देत नव्हता. काय होईल ते सांगत होता, एवढंच. "हे काम गेलं तर मी काय करू, पोरी? बहिऱ्याला शेरडंबी कुणी राखू देत न्हाई. उद्या दुपारला पिंपळदऱ्याला सात बार हायेत. ये बघाया. आईलाबी आण."

जीप आली. तो लटकला आणि गेला.

संध्याकाळी पंचशीला मॅडमच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मॅडम ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होत्या.

"काय गं?"

"पाणी आलं का, इचारायला आले हुते."

"न्हाई आलं. जा."

ती गेली. वाकळांच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसली. पाय डोळ्यासमोर येत होते, मामाचे, भेगाळलेले. पाय ठोका ओळखतो. पण कशाचा ठोका? टँकर आला तरी ठोका, बैलगाडी गेली तरी ठोका. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं ते तिला तेव्हा आठवलं. ठार बहिरा माणूससुद्धा जाड आवाजाला बोट वर करतो. आवाज हाडाला हिसका देतो आणि त्याला वाटतं ऐकू आलं. खोटं बोलत नसतो तो. त्याला खरंच तसं वाटतं.

सकाळी कुणाला न सांगता ती एस्टीत बसली. औशाला उतरून जीप धरली. जीप वाटेत टँकरला वाट द्यायला थांबली ती खड्ड्यात रुतून बसली. पंचशीला उतरून चालत निघाली, मग पळत. पाय भाजत होते, तोंडात थुंकी नव्हती. मामाला खाली उतरायच्या आधी गाठायचं, कागद काढून घ्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच डोक्यात होतं. विहिरीच्या दगडांचा ढीग दिसला आणि त्याच वेळी शिट्ट्या वाजल्या. तीन. म्हणजे वाती पेटल्या होत्या.

"ए! कुणाची गं तू? खाली बस!" मुकादम अण्णाराव ओरडला. नागुबाई नावाच्या एका मजूर बाईनं तिला हाताला धरून लिंबाखाली ओढलं. तिथं पाच बाया टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून बसल्या होत्या.

"बार झाले का?"

"आता व्हतेल. कानात बोटं घाल, माय."

"मला मोजायचेत."

"मोजायचं न्हाई!" नागुबाई दचकलीच. "हितं मोजणारा एकच. एकानं सात म्हणलं, दुसऱ्यानं आठ, की मढं निघतं. लिंबाजीशिवाय कुणी मोजत न्हाई. घाल बोटं."

सगळ्यांनी कानात बोटं घातली. यारी चालवणारा मलप्पासुद्धा इंजिन बंद करून कान दाबून बसला. ही यारी म्हणजे विहिरीतून माणसं आणि दगड वर काढायचा लोखंडी खांबांचा सांगाडा, त्याला दोर आणि दोराला डोल, माणूस बसेल एवढी लोखंडी बादली. लिंबाजी त्याच डोलातून नुकताच वर आला होता आणि लांब एका उघड्या खडकावर अनवाणी उभा होता, डोळे मिटून.

पंचशीलानं बोटं घातली नाहीत.

एक. जमीन उडाली. दोन, तीन, लागोपाठ. चार. पाच जरा थांबून. सहा. मग काहीच नाही. धूर वर येत होता. आणि मग आतून आवाज आला, धडाड करून. पण तो बार नव्हता. बार तुटतो, एकदम. हा घरंगळत आला, आपटला आणि मागं खडे सोडून गेला. विहिरीच्या कडेची दरड सुटली होती.

खडकावर लिंबाजीनं डोळे उघडले आणि हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

"सात झाले!" अण्णारावनं आरोळी दिली. बाया पदर झटकून उठल्या. मलप्पानं इंजिनाला हँडल मारलं.

"सहाच!" पंचशीला ओरडली. इंजिनात तिचा आवाज बुडाला. लिंबाजी पहार खांद्यावर टाकून यारीकडं निघाला होता. जिवंत भोकाच्या तोंडावर पहिली पहार त्याचीच बसणार होती आणि मागं ह्या पाच बाया.

ती पळाली. डोल विहिरीच्या काठावर टेकला होता. विहीर चाळीस हात खोल, तळ धुरात दिसत नव्हता. जन्मात तिनं विहिरीत वाकून बघितलं नव्हतं. ती डोलात जाऊन बसली आणि दोर दोन्ही हातांनी धरला.

"हे येडं कुठनं आलं?" मलप्पा इंजिन बंद करून ओरडला. "ऊठ की गं! जीव द्यायचा तर दुसरी हीर बघ. आमाला अजून पाणी काढायचंय हितनं!"

"सहाच झाले. सातवी दरड हुती."

अण्णाराव पुढं आला. "लिंबाजी बारा वर्सं मपल्याकडं मोजतोय. आन् तू कोण?"

लिंबाजी समोरच उभा होता. तिच्या ओठांकडं बघत होता. डोळ्यांनीच नको म्हणत होता. पंचशीला रडल्यासारखं बोलली.

"मी दवाखान्यातली. कान तपासणारी. मामाला ऐकू येत न्हाई. मी कागद चुकीचा दिला."

लिंबाजी वळला आणि दोन पावलं जाऊन विहिरीत बघत उभा राहिला, सगळ्यांकडं पाठ करून. अण्णारावनं त्याच्या पाठीकडं बघितलं आणि एकदम आरोळी मारली, "लिंबाजी, पळ! तुज्या पोराला पान लागलं रं!"

पान लागलं म्हणजे साप चावला. नागुबाई म्हणाली, "आरं मुडद्या, काय बोलतूस!"

लिंबाजी विहिरीत बघत राहिला.

अण्णाराव खाली बसला. टोपी काढून तोंड पुसलं. "आयला," एवढंच म्हणाला.

कायदा असा की शंका आली तर दिवस कलेपर्यंत कुणी हलायचं नाही. सगळे लिंबाखाली बसले. पंचशीला डोलातून उठलीच नाही. उठली तर कुणी उतरेल ह्याचं भ्या, आणि बसलं तर खालून सातवा उडेल ह्याचं भ्या. घटकाभरानं तिसरंच भ्या शिरलं. खरंच सहा होते का? दोन आणि तीन लागोपाठ झाले. त्यातच एक लपला असेल तर? तिनं मनात परत परत मोजलं. कधी सहा यायचे, कधी सात. आपण एका माणसाची भाकर आणि इज्जत चव्हाट्यावर मांडली आणि कदाचित तो बरोबरच होता. नागुबाईनं तिला तांब्यात घोटभर पाणी आणून दिलं. ते तिच्या हातातून अर्धं सांडलं.

"सांडू नको गं बये. हिरीला अजून लागलं न्हाई."

लिंबाजी त्याच्या खडकावर बसला होता. कुणाशी बोलला नाही. ज्याचं बोलणं कधी थांबत नव्हतं तो.

ऊन उतरल्यावर मलप्पा म्हणाला, "मी बगून येतो." पंचशीला डोलातून उतरून हातापायावर बाजूला सरकली. मलप्पा खाली गेला. दोर सुटत राहिला. मग ढिला पडला.

दोर हलला. डोल वर आला. मलप्पाच्या मुठीत वीतभर काळी वात होती, अर्धी जळलेली. ती त्यानं अण्णारावपुढं धरली.

"दरडीखाली इझली. भोक भरल्यालं हाय."

लिंबाजी उठून आला. वात हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, नाकाला लावली. मग टोपीतून कागद काढला, पंचशीलाच्या पुढं टाकला आणि गावाच्या वाटेला लागला. तिच्याकडं बघितलं नाही.

ती लातूरला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मॅडम दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पंचशीलानं कागद पुढं केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खुर्चीचं, मामाचं, 'भिंतीकडं' म्हणून खोटं बोलली ते. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही.

"खुर्ची फिरवलीस ते मला कळतं," शेवटी म्हणाल्या. "खोटं बोललीस ते न्हाई कळत. मला इचारलं असतंस तर..." त्या थांबल्या. "मला काय इचारणार म्हणा. मी कोण त्याला सांगणार." वही काढून त्यांनी शिबिराचे सगळे तास लाल पेनानं खोडले. "परत करायचे. सहाच्या सहा आठवडे. आणि सही मपलीबी हाय ह्याच्यावर. मीबी कॉलेजला लिहिते, न बघता सही केली म्हणून."

त्यांनी खरंच लिहिलं. पंचशीला सहा महिने मागं पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाकळांचं दार सरकलं आणि लिंबाजी आत आला. अण्णारावनं धाडलं नव्हतं. काम तर गेलंच होतं. मॅडम स्टुलावर होत्या, त्यांच्याकडं त्यानं बघितलं नाही. खुर्ची धरली, फरशीवर करकरत फिरवली आणि बसला. भिंतीकडं तोंड, दोघींकडं रुंद पाठ. घामानं सदरा चिकटला होता.

"हं. वाजीव," भिंतीकडं बघत तो म्हणाला. "कुठवर गेलंय ते मलाबी कळू दे."

पंचशीलानं हेडफोन चढवला. बटण दाबलं. बोट वर आलं नाही. काटा वाढवला. नाही. आणखी वाढवला. हेडफोनातला आवाज आता खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता, बाहेर वऱ्हांड्यात एक पोर हसलं. लिंबाजीचा हात मांडीवर तसाच. मशीनचा काटा शेवटाला जाऊन टेकला तेव्हा त्याचं बोट उठलं, मधेच थांबलं आणि परत खाली आलं.

"ह्यो कानानं न्हाई कळला," लिंबाजी भिंतीला म्हणाला. "हाडानं कळला. धरू नको."